राज्य कुणावर

रॉथबरीच्या वर, माळावरच्या पडक्या किल्ल्यात
नऊ दिवस झाले, एक राज्य धोक्यात आहे.
बारा मुलं ते वाचवताहेत,
सगळी तेराच्या पुढची, सोळाच्या आतली.

मी यात लिंबूटिंबू.
खेळात आहे, पण मला धरायचं नाही.
गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र,
खिशात तिघांचे दम्याचे पंप,
फायलीत बाराही घरांच्या सह्या
की आमच्या पाल्याने ठरल्या तासांपेक्षा जास्त
राक्षसाशी लढू नये,
आणि मध्ये जेवणाची सुट्टी असावी.

राणी संडरलंडची आहे.
दोन प्रसंगांच्या मध्ये तटाआड उभी राहून
आंब्याच्या वासाचं व्हेप ओढते
(हापूस नव्हे, कुठलातरी आंबा).
जो हरतो त्याला म्हणते,
"धुकं तुला बोलावतंय."
मग ते पोर कमानीतून चालत जातं,
पांढऱ्या धुरात, मागे न बघता.
मागे बघायचं नाही हे सकाळी दोनदा सांगितलेलं असतं.
टीव्हीवर ते तिथेच नाहीसं होतं.

नाहीसं होऊन माझ्याकडे येतं.
कमानीमागे माझी घडीची खुर्ची, एक ब्लँकेट,
थर्मासमध्ये कोमट चॉकलेट,
आणि गॅरेथ, धुराचं खोकणारं मशीन मांडीशी धरून.
मिठी मारायची नाही. त्यांनी मारली तर बाजूने,
एका हाताने. त्याचा कोर्स झालाय माझा.

पहिली आली ती हसत. वायफायचा पासवर्ड मागितला.
केझाया ओकली, मग बरी झाली.
जुळ्यांतला एक आला आणि दुसरा येईपर्यंत
दीड दिवस कुणाशी बोलला नाही.

आज युअन.
हार्टलपूलचा, चौदाचा, पायात दोन नंबर मोठे चामडी बूट.
मी वेळ लिहिली, चार वाजून सात.
त्याने चॉकलेट घेतलं नाही.
"मी राणीला सांगितलं होतं, विहिरीत विष आहे.
तिने ऐकलंच नाही."
आणि मग, नाक बाहीला पुसत,
"आता विहिरीवर कोण आहे?"

विहीर प्लायवूडची आहे.
तळाशी निळं घमेलं.
सकाळी एक मेंढी त्यातलं पाणी पिऊन गेली,
आणि ठणठणीत आहे.
हे सांगायचंच होतं मला. त्यासाठीच तर मला ठेवलंय,
खेळ संपला हे सांगायला.

मिरजेला रेल्वे क्वार्टरांमागे आमच्याकडे
राज्य यायचं ते हरणाऱ्यावर.
सगळे जीव तोडून पळायचो, राज्य नको म्हणून.
(हे इथे कुणाला समजावता येत नाही.
यांच्याकडे राज्य जिंकतात.)
एकदा माझ्यावर होतं.
भिंतीला डोळे लावून शंभर मोजले,
मग कोळशाच्या ढिगामागे, पाण्याच्या टाकीवर,
घोरपड्यांच्या मोरीत सुद्धा शोधलं.
दिवे लागले. खिडक्यांतून ताटांचे आवाज आले.
सगळे कधीच घरी गेले होते.
मला कुणी सांगितलं नाही.
ते राज्य माझ्यावरून कुणी उतरवलंच नाही, तसं बघायला गेलं तर.

"विहिरीचं ना," मी युअनला म्हटलं, "मी बघते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखपत्राकडे पाहिलं.
मग बूट काढले.
झगा कपडेवाल्या पोरीने नेला, पाठीच्या पिनांसकट.
आतून निघाला एक सडपातळ मुलगा, फुटबॉलच्या टीशर्टात,
आणि मोजे भिजलेले.
त्याची आई गाडी चालू ठेवूनच आली होती.

सहाला सगळं आवरलं.
गॅरेथने मशीनवर ताडपत्री टाकली.
धुकं गेलं, तर मागे माळ तसाच्या तसा, वारा,
आणि खाली कोकेट नदीचं एक बारीक वळण.
मिनीबस हॉर्न देत होती.

मी विहिरीवरून गेले. तो रस्ता लांबचा आहे.
मेंढी परत आली होती,
घमेल्यात तोंड घालून उभी.

हुर्र, म्हटलं. हात उगारला.
हलेना, तेव्हा ओळखपत्र काढून तेच फिरवलं तिच्यावर,
ती पार भिंतीपलीकडे जाईपर्यंत.